खुशालरावांचा मेल बंद केला, त्याची हकिकत

जठारपेठ, अकोला

ती. प्रणालीताईस चंदाचा नमस्कार.

अमरावतीचं ऊन काय म्हणतं, मावशीचा गुडघा आणि भाऊजींचं तिखट दोन्ही आटोक्यात आहेत ना, ते कळव. इकडे सगळे मजेत. बाबा भेटेल त्याला सांगतात की घरातली पहिली पदवीधर दालमिलचा सर्व्हर सांभाळते. (सर्व्हर म्हणजे काय, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.)

झालं असं, की आमचे तूरडाळीचे भाव गिऱ्हाइकाआधी शेजारच्या मिलला कळू लागले. मालक म्हणाले, बाहेर मेल कोण पाठवतो ते पाहा आणि बंद कर. पाहिलं तर दिवसभर बाहेर मेल जात होते एकट्या खुशालरावांच्या खात्यातून. (हे आमचे जुने मुनीम. डब्यातली शेंगदाण्याची चटणी मला आधी वाढतात, पण तत्त्व ते तत्त्व.) मी लगेच मिलला मेलसेवा पुरवणाऱ्या तुझ्या कंपनीला कळवून त्यांचे बाहेरचे मेल थांबवले. आपल्याकडे सगळं ओळखीवर चालतं, म्हणून ठळक अक्षरांत लिहिलं : बंदी कोणाच्याही फोनवरून उठवू नये, अगदी माझ्याही. मिलच्या नोंदलेल्या पत्त्यावरून मेल आला तरच उठवावी.

दुसऱ्या दिवशी मिल मुकी झाली. मी सगळ्यांना खाती काढून दिलीत, पण मालकांपासून वजनकाट्यावरच्या सईदापर्यंत सगळे खुशालरावांच्याच खुर्चीत बसून मेल पाठवतात. नागपूरचं मोठं गिऱ्हाईकही भाव त्याच पत्त्यावरून आला तर मानतं. आणि तुमच्याकडे नोंदलेला पत्ता? तोही तोच. (भाव फुटत होते मालकांच्या फोनमुळे. ते बोलले की फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही तुरीचा भाव पाठ होतो.)

खुशालराव रागावले नाहीत. चटणी वाढत म्हणाले, "पोरी, चोराले कोंडाले गेली अन् चाबी आतच ठेवून आली." मालक मात्र म्हणाले, "उद्या दुपारपावतर नागपूरले भाव पोचला नाही, तं परवापासून तू सर्व्हर नको पाहू, डाळ निवडत बस."

तुमच्या ऑफिसात फोन केला, तर तिथल्या बाईंनी माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. शिस्त आवडली. तरी मला काळजी नाही. नियम बरोबरच आहे, माणसांना सवय व्हायची आहे. आणि ओळख लावणाऱ्यांतली मी नाही, हे तुला ठाऊकच आहे.

तुझी,
चंदा

ता. क. फोनवर बोलले असते, पण घरात बाबा स्पीकर लावून ऐकतात. म्हणून स्वप्निलदादा सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून हे पत्र तुला देईल. वाचलं की तशीच ऑफिसात जा आणि खुशालरावांचा मेल सुरू करून दे. तुझं ऐकतील.

आणखी एक. मेल आलेला नसताना बंदी उठवली म्हणून मला तुमच्या कंपनीची तक्रार करावीच लागेल. ती खुशालरावांच्या खात्यातूनच पाठवीन, म्हणजे सुरू झाल्याचंही तुला कळेल.