खांद्यावरची फुलं

सुबांग विमानतळ, क्वालालंपूर
१२ एप्रिल १९९६

चि. जांतिंग यास दादा लावाय याचे अ. आ. वि. वि.

आईने तुझ्याकडून लिहवून घेतलेलं पत्र पोचलं. कुचिंगच्या कंपनीत विमानातल्या नोकरीची पहिली फेरी तू पास झालास, हे तिने तुझ्याच हाताने चार वेळा लिहवलंय आणि लिहिताना तूही लाजला नाहीस! मी आजोबांना घड्याळ पाठवलं तेव्हा उत्तरात एक ओळ आली होती, 'घड्याळ पोचलं.' असो. आनंद झाला. थोडं पोटातही दुखलं, खोटं कशाला बोलू?

तू गळ्याला साहेबी पट्टी बांधून पाहुण्यांना सरबत देणार. तुझा भाऊ काय करतो? विमानाच्या पोटात वाकून शिरतो आणि पेट्या फेकतो. आत ताठ उभं राहता येत नाही. डोक्यावर वरच्यांचे बूट वाजतात. कोण बसलंय, कोण हसतंय, काही दिसत नाही. याच नोकरीसाठी दोन वर्षांपूर्वी मीही कुचिंगला गेलो होतो, आठवतंय ना? रानातल्या धावपट्ट्यांवर जाणारी छोटी विमानं आहेत, शाळा नको, आपली इबान भाषा बोलता आली म्हणजे झालं, असं म्हणाले होते. उंचीत मार खाल्ला मी. नशीब एकेकाचं.

बाकी एक विचारायचं राहिलं. खांदे कोरे ठेवून घर सोडणार आहेस का? सगळी बिऱ्हाडं एका छपराखाली असलेल्या आपल्या लांबघरातून परमुलखात गेलेल्या कुठल्या गड्याच्या खांद्यांवर वांग्याची फुलं गोंदलेली नाहीत, सांग बरं? उद्या परत आलास की पोरी विचारतील, हे बाळ आईचा हात धरून गेलं होतं का? आजोबांना म्हणावं, सुया काढा.

आईला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा तरी राहू दे, वर गेलास म्हणून कमी करू नकोस.

तुझा दादा,
लावाय

————

लांबघर, उलू सेबुलान
३ मे १९९६

ती. दादास जांतिंगचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानदाराने बोटीतून आणून दिलं. ओसरीवर वाचलं. पोटात दुखलं त्या ओळीला सगळे हसले. आई म्हणाली, लहानपणापासून दुखतं त्याचं, जांतिंगला मोठा मासा वाढला की दुखायचं.

दादा, हेवा तू करायचा का मी? आठ वर्षं झाली, आजोबा पाहुण्यांपुढे तुझ्याच फुलांचं कौतुक करतात. लावायने हूं का चूं केलं नाही, दोन दिवस बसला, माझ्या हातची शेवटची चांगली फुलं ती. मी शेजारी बसलेला असतो. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणून तुझं पत्र वाचताच मी म्हटलं, गोंदा. आजोबांचा चेहरा असा फुलला म्हणतोस! गोंदायच्या शाईसाठी काजळी धरायला लागले, ती कालवायला उसाचा रस काढून ठेवला. हात थरथरतो, पण सुईवर मारायची हातोडी धरली की थांबतो. आई तर डुक्कर कापायचं म्हणते.

पण मग आजोबाच थबकले. म्हणाले, ही कंपनी शहरातल्या लोकांची आहे, त्यांना चालतं का ते आधी विचार. लावाय विमानांतच असतो, त्याला ठाऊक असणार. त्याचं उत्तर आल्याशिवाय मी हातोडी उचलणार नाही. फॉर्मवर या बाबतीत काहीच लिहिलेलं नाही. शेवटची फेरी २४ जूनला आहे, त्यात डॉक्टरही तपासणार. तेव्हा लगेच कळव, चालतं की नाही.

आणखी एक गंमत. माझी उंची तुझ्याहून दोन बोटं कमीच आहे, तरी उंचीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तुझ्या वेळचा मोजणारा आंधळा होता बहुतेक.

गळ्याची पट्टी कशी बांधतात ते चित्र काढून पाठव. तुझा शब्द आमच्यासाठी शेवटचा. माया असू दे.

तुझा धाकटा,
जांतिंग

————

सुबांग
२० मे १९९६

चि. जांतिंग यास अ. आ.

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं, अक्षर धड येत नव्हतं.

चालतं. आजोबांना सांग, लावाय म्हणतो चालतं. सदऱ्याच्या आत कोण बघायला येतंय? तोंडावर नको, हातावर नको, खांद्यावर खुशाल. कानात मात्र काही घालून जाऊ नकोस, ते त्यांना खपत नाही. मी रिंग काढून गेलो होतो.

डुक्कर कापणार म्हणे! माझ्या वेळी कोंबड्यावर भागवलं होतं, आणि तोही म्हातारा. आईला विचार, आठवतोय का तो कोंबडा? दाताला तुटता तुटत नव्हता. मी मोठा म्हणून कोंबडा आणि तू विमानवाला म्हणून डुक्कर. चांगला न्याय आहे. माझी फुलं जुनी झाली, आता पाहुण्यांना तुझी दाखवतील.

पट्टीचं चित्र मागे काढलंय. मला बांधता येत नाही, एका साहेबाच्या गळ्यातली बघून काढलं.

फार लिहीत नाही, कामाची पाळी सुरू होईल. लोभ धरायचा तर धर, माझा आग्रह नाही.

लावाय

————

उलू सेबुलान
९ जुलै १९९६

लावाय यास जांतिंगचा नमस्कार.

मला घेतलं नाही.

आजोबांनी फुलं सुरेख काढली. दोन्ही खांद्यांवर, मधली वेल इतकी बारीक की आई दिवा जवळ आणून बघत बसली. आजोबा म्हणाले, लावायच्या फुलांहून सरस उतरली. तुला हे वाचून त्रास होईल, तरी लिहितो, कारण ते खरं आहे.

शेवटच्या फेरीला आम्ही सहा जण होतो. एका पोरीच्या कानाला दोन-दोन भोकं होती. तिला म्हणाले, एकात मोती घाल, दुसरं बुजू दे, चालेल. मला वाटलं, किती भली माणसं. मग डॉक्टरने सदरा काढायला सांगितला. काढला. त्याने दोन्ही खांदे जवळून पाहिले. मग म्हणाला, अंगावर कुठेही गोंदण चालत नाही, झाकलेलं असलं तरी. मी म्हटलं, माझा भाऊ विमानतळावर आहे, तो चालतं म्हणाला. डॉक्टरने माझा पत्ता परत वाचला. म्हणाला, याच नदीवरचा एक पोरगा दोन वर्षांमागे आला होता, अशीच फुलं, नाव लावाय. त्याला मी ह्याच खोलीत समजावून सांगितलं होतं. बिचारा रडला होता.

तू रडला होतास हे मला माहीत नव्हतं. तू आम्हाला उंची सांगितलीस.

घरी मी डोळ्यांचं कारण सांगितलंय. खरं सांगितलं असतं तर आजोबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं असतं, आणि मग तुझ्याकडे. दोन्ही मला नको होतं. आता ते रोज पहाटे रानात जाऊन कसलातरी कडू पाला आणतात आणि मी तो खाल्ल्याशिवाय उठत नाहीत. वर विचारतात, पलीकडच्या काठावरची बोट दिसते का? मला बोटीचं नावसुद्धा वाचता येतं. मी म्हणतो, थोडी दिसते.

पुढच्या महिन्यात मी बिंतुलूला लाकडाच्या वखारीत कामाला जातोय. तुझ्याकडे ये म्हणून लिहू नकोस.

जांतिंग

————

सुबांग
२८ जुलै १९९६

ती. आजोबांच्या चरणी लावायचा शि. सा. न. वि. वि.

पत्र तुमच्या नावाचं आहे, पण तुम्हाला वाचता येत नाही आणि आईलाही नाही, म्हणजे वाचणार जांतिंगच. जांतिंग, संध्याकाळी सगळे ओसरीवर असतील तेव्हा वाच. मधलं काही गाळू नकोस. मला सांभाळून घेऊ नकोस, एकदा घेतलंस तेवढं पुरे.

आजोबा, जांतिंगचे डोळे धड आहेत. पाला बंद करा. त्याला बाद केलं ते खांद्यावरच्या फुलांमुळे. तशी फुलं त्या कंपनीत चालत नाहीत, हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. मलाही त्याचसाठी बाद केलं होतं. उंचीची गोष्ट मी बनवली, कारण तुम्ही गोंदलेलं कोणी नाकारलं हे तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही. तिथपर्यंत माफ करता येईल. पुढचं येणार नाही.

तुम्ही हातोडी खाली ठेवून मला विचारलंत. माझ्या एका शब्दावर सगळं थांबलं होतं. मी पहिल्यांदा 'चालत नाही' असंच लिहिलं. फाडलं. दुसऱ्यांदा विमानाच्या पोटात बसून लिहिलं, तेही तेच. तेव्हा वर विमानात कोणीतरी बूट वाजवत चाललं होतं, आणि मला वाटलं, जांतिंग वर आणि मी खाली, असं जन्मभर ऐकायचं? फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं ते तुम्हाला वाचून दाखवलंच आहे.

तुमच्या हातांचा यात काडीइतका दोष नाही. फुलं चांगलीच आहेत. त्याची सरस उतरली असतील तर उतरली असू देत, मला सोसलं पाहिजे.

हेवा अजून गेलेला नाही, आजोबा. आधी त्याच्या नोकरीचा होता. आता याचा आहे, की सगळं कळल्यावरही त्याने मला तुमच्यापुढे उघडं पाडलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर नदीच्या दोन्ही काठांवर ओरडून सांगितलं असतं.

लांबघराचे प्रमुख जो दंड सांगतील तो मला मान्य. तुम्ही जे बोलाल ते जांतिंगने तसंच लिहून पाठवायचं, शिवी असेल तर शिवी. काहीच बोलला नाहीत तर तेही लिहायचं. आईला नमस्कार सांगा म्हणायचं धाडस होत नाही.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

जांतिंग, आता खालचं नाव मोठ्याने वाच. दादा म्हणू नकोस. नुसतं नाव वाच.

लावाय