लाँगनेकरबाईंच्या तणाचा भाव

ती. व्हर्ननदादास,

धाकट्या हार्लनचा नमस्कार. खरं तर साष्टांगच घालणार होतो, पण ॲरिझोनात जाऊन तू अंगणभर खडी पसरून ठेवली आहेस आणि खडीवर लोटांगण घालण्याचं माझं वय राहिलेलं नाही. तेव्हा हा उभ्याउभ्या घातलेलाच गोड मानून घे. गुडघा कसा आहे? जेवतोस ना वेळेवर? (डब्यातलं सूप ओट्यापाशी उभ्याने पिणं याला जेवण म्हणत नाहीत, असं लोरेटाने मुद्दाम लिहायला सांगितलंय.) इकडे लँकेस्टरला आम्ही उभयता बरे आहोत.

वि. वि., लॉनचा धंदा माझ्या हाती देऊन तू गेलास त्याला आता दुसरा वसंत लागला. खत केव्हा टाकावं, तणनाशक किती पातळ करावं, वाऱ्याकडे पाठ करून कसं फवारावं, हे सगळं तू शिकवलंस आणि मला ते येतं. भाव सांगणं तेवढं येत नाही. दादा, तुझं भाव सांगणं म्हणजे काय थाट होता! मोजायचं चाक ढकलत लॉनभोवती पुरती फेरी मारायचास, उतार बघायचास, कुत्रा बांधलेला आहे की मोकळा ते बघायचास, घरमालक खिडकीचा पडदा किती वेळा सरकवतो तेसुद्धा बघायचास (पडदा सरकवणारा पुढे फोन करकरून जीव खातो, म्हणून त्याला भाव जरा चढा), आणि मग टोपी मागे सारून असा आकडा सांगायचास की गिऱ्हाइकाला वाटावं, हा बायबलातच छापलेला असणार. माझा आकडा घशात अडकतो आणि बाहेर पडतो तो निम्मा होऊन. गेल्या साली खताचे पैसेसुद्धा सुटले नाहीत. शेवटी लोरेटाने निर्वाणीचं सांगितलं, "ईस्टरच्या आत मेपल गल्लीचं काम हाती आलं नाही, तर ट्रक विकायचा आणि ड्वेनच्या टायरच्या दुकानात उभं राहायचं." तिचा भाऊ भला माणूस आहे, पण तो दिवसभर शिट्टीवर एकच धून वाजवतो. मी महिन्याभरात वेडा होईन.

मेपल गल्लीत सगळ्यांच्या दारांच्या मुठींना एका मोठ्या कंपनीचं स्वस्त भावाचं रंगीत पत्रक लटकत होतं. त्या गल्लीतले ब्रूबेकर मात्र म्हणाले, "आधी माझं लॉन करून दाखव. बाकीचे बघतील आणि ठरवतील." आता मोजायचं चाक माझ्याकडे नव्हतं (का नव्हतं, ते पुढे). म्हणून मी शहाणपणा केला. कॉम्प्युटरवर आभाळातून काढलेला फोटो उघडला, ब्रूबेकरांच्या घराभोवती बोटाने रेघ ओढली, आणि मशीनने चौरस फूट मोजून दिले. कसला घाम नाही, काही नाही! भाव कागदावर छापून आला, तो मी हातात देऊन टाकला. ब्रूबेकरांनी लॉनचे चौरस फूट वाचले, छाती फुगवली आणि एका शब्दाची घासाघीस न करता सही केली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आपल्याकडे दोन घरांच्या लॉनमध्ये कुंपण नसतं, हे तुला मी सांगायला नको. आपलं लॉन कुठे संपतं, ते जो तो गवत कापताना बरोबर ओळखतो, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. पण आभाळातून हे दिसत नाही रे! माझ्या रेघेत शेजारचा चांगला रुंद पट्टा आला, तो मी मनापासून फवारला, नियमाप्रमाणे कडेला इशाऱ्याची झेंडी लावली आणि शीळ घालत घरी आलो. काही दिवसांनी तो पट्टा कसा गुळगुळीत हिरवागार झाला, पलीकडे डँडेलियनच्या तणाची पिवळी फुलंच फुलं, आणि ब्रूबेकर माझ्या रेघेपर्यंत गवत कापू लागले. म्हणजे माझ्या छापील कागदाने सरहद्द हलवली. आणि शेजार कोणाचा? अर्मा लाँगनेकरबाईंचा. हो, त्याच. तिसरीत तुला बाकावर उभं करणाऱ्या आणि तुझ्यामागून मला.

बाईंचा निरोप आला तेव्हाच ओळखलं, गोष्ट नुसत्या तणाची नाही. कारण तू जाणतोसच: ईस्टरआधीच्या हिरव्या गुरुवारी डँडेलियनच्या कोवळ्या पानांवर गरम बेकनची आंबटगोड फोडणी ओतून खाल्ली नाही, तर वर्षभर दुखणं पाठ सोडत नाही अशी आपल्या आईची श्रद्धा होती, आणि अख्ख्या गावाची आहे. चर्चच्या तळघरातल्या त्या जेवणाला पानं पुरवायच्या त्या लाँगनेकरबाई, आणि त्यांची सगळ्यात कोवळी पानं याच पट्ट्यात यायची. त्या टोपली घेऊन निघाल्या होत्या, पण झेंडी वाचली म्हणून थांबल्या. (छापलेलं काहीही न वाचता सोडायचं नाही, ही त्यांची सवय. त्या सवयीने गाव वाचलं.)

"हार्लन, सरळ उभा राहा," बाई म्हणाल्या. मी राहिलो. "माझी फुलं पूर्ववत करून द्यायचा तुझा भाव काय?"

दादा, तू गेल्यापासून तण मारण्याचे भाव सांगितले, म्हणजे पुटपुटले, पण तण लावण्याचा भाव आजवर कोणी विचारला नव्हता! "फुकट, बाई," मी म्हणालो.

"फुकट हा भाव नाही, पळवाट आहे. चूक भरून द्यायची असेल तर आधी किंमत मोठ्याने सांग, मग माफ कर. मला कळू दे किती माफ केलंस ते. मोज."

त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली. त्या एक टोक धरून उभ्या, मी दुसरं. सगळा पट्टा मोजला. औषध मारलेली माती किती काळ मोकळी ठेवावी लागेल, मग बी किती लागेल, मजुरी किती, हे त्यांनी माझ्याकडून घडाघडा वदवून घेतलं. शेवटी मी टोपी मागे सारली (आपोआप सारली गेली, तुझी शपथ) आणि आकडा सांगितला. पुरता, निम्मा नव्हे. "बरोबर," बाई म्हणाल्या. "आता हेच शेजारी जाऊन सांग."

ब्रूबेकरांना मी त्यांचा खरा भाव सांगितला, आधीपेक्षा कमी. बिचाऱ्यांचं तोंड उतरलं. "पैसे आधीचेच घे की, पण कागदावर लॉन तेवढंच राहू दे," म्हणाले. बाई मागे उभ्या होत्या, म्हणून मला ठणकावून "नाही" म्हणता आलं.

गुरुवारी चर्चच्या जेवणात डँडेलियनच्या जागी पालक होता. सगळ्यांनी चमचा बुडवला, एकमेकांकडे बघितलं, आणि बाई उठल्या. मी मनातल्या मनात ड्वेनची धून म्हणायला लागलो. बाई म्हणाल्या, "पानं नाहीत, कारण हार्लनने चुकून ती मारली. तो आला, त्याने माझ्यासमोर मोजलं, आणि डोळ्यांत डोळे घालून भाव सांगितला. माझ्या अंगणाचं काम मी त्याला दिलंय." बस्, एवढंच. काय बाई आहे! मला रडू आलं, ते मी फोडणीच्या वाफेवर ढकललं.

आणि पुढची गंमत ऐक. ब्रूबेकरांनी गुपचूप सरहद्द सरकवली म्हटल्यावर गल्लीत कोणाचा कोणावर विश्वास उरला नाही. जो तो म्हणतो, "आमचंही मोजून मग भाव सांग." सगळी गल्ली मिळाली, दादा! ट्रक राहिला. लोरेटाने केक केला.

तुझा,
हार्लन

ता. क. : एवढी लॉन मी कपड्यांच्या दोरीने मोजू शकत नाही. मोजायचं चाक तू ॲरिझोनाला घेऊन गेलास. तिथे ते गॅरेजच्या भिंतीवर टांगलंयस, हे मला ठाऊक आहे. खडी मोजायला चाक कशाला लागतं? पाठवून दे.

ता. क. २ : लोरेटा म्हणते, पार्सलमध्ये ते मोडेल. तेव्हा स्वतःच घेऊन ये. मार्जवहिनी गेल्यापासून फोनवर तू "सगळं ठीक" एवढंच म्हणतोस आणि ठेवतोस. ते ठीक नाही, हे मला कळतं. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

ता. क. ३ : हंगामभर माझ्याबरोबर चाक ढकलायचं काय घेशील, ते कळव. "धाकट्या भावाकडून काय घ्यायचं, फुकट" असं लिहू नकोस. पत्र मी बाईंना दाखवणार आहे.