समोरच्या बाकावरचा आवाज

प्रिय सुधे,

फोनवर तू दोन मिनिटांत "बरं, ठेवते" म्हणतेस, म्हणून हे पत्र. आता वाच मुकाट्याने.

आमची लेक कादंबरी राहते ते जर्मनीतलं, रेगेन्सबर्गजवळचं खेडं एका कॉन्व्हेंटमुळे वसलं. आपल्या शाळेसारखं नव्हे गं, खरंखुरं, मध्ययुगातलं. आधी नन्स आल्या, मग त्यांच्या दाराशी लोहार, पाववाले, गुराखी जमले आणि गाव झालं. दोनशे वर्षांपूर्वी सरकारने कॉन्व्हेंट बंद करून नन्सना घालवलं. त्याच संध्याकाळी गावातल्या दोघी बायका चॅपेलमध्ये समोरासमोर बसल्या आणि नन्ससारखीच आळीपाळीने एकेक ओळ गायल्या. तेव्हापासून हा रोजचा नेम आहे. दोघी हव्यातच, एकीने थांबायचं, दुसरीने उचलायचं.

मी नातीला, ओवीला घेऊन नुसती ऐकायला गेले होते. तर काय, शाळेत सिस्टर बेनिग्नांनी आपल्याकडून घोकून घेतलेली तीच लॅटिन प्रार्थना! मी गायला लागले आणि सवयीने टाळ्याही धरल्या, आरतीच्या! ओवी लाजून "ओमा, नाइन!" (आजी, नको!) म्हणत माझे हात ओढायला लागली. ऐंशीच्या हेडविगबाई गाता गाता थांबल्या. वाटलं, आता हाकलतात. तर म्हणाल्या, "चला, आता मला डुलकी तरी लागणार नाही," आणि समोरच्या रिकाम्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथल्या बाईंनी गुडघ्यांपायी आदल्याच दिवशी येणं सोडलं होतं. झालं, मी रोजची झाले. आता पाववालासुद्धा मला बघून टाळी वाजवतो!

पण उन्हाळा संपला की हेडविगबाई कायमच्या मुलाकडे, बॉनला चालल्या. गावातल्या तरुण मुली कामावरून उशिरा परततात, आणि आमची कादंबरी किती बेसूर ते तुला ठाऊक आहे. दुसरा आवाज नसेल तर दोनशे वर्षांचा नेम मोडणार. सगळे चेहरे पाडून बसले होते. मी म्हटलं, आवाज मिळालाय, आणि तुझं नाव सांगून मोकळी झाले.

रागावू नकोस. तुझ्या आरवचा फोन आला होता. बाबा गेल्यापासून आईने तंबोऱ्याची खोळ काढलेली नाही, म्हणाला; "कोणासाठी गाऊ?" म्हणते. सुधे, इथे तो प्रश्नच नाही. समोरचीने सोडलेली ओळ उचलायची, एवढंच काम. तीन महिने तरी ये. व्हिसाचं आमंत्रण कादंबरीने आरवकडे पाठवलंय. लोकरीचे मोजे आण, चॅपेलची फरशी गार असते. आणि वरची पट्टी तुझी. ती मला शाळेतही झेपत नव्हती.

तुझीच, अर्ध्या ओळीवर थांबलेली,
विभावरी