बेंजो वाजला की आई जेवते

बाबा, आईने परवापासून तोंडात घास घेतलेला नाही. हे मी तुला का सांगतेय, देव जाणे. तू गेलास त्याला इतकी वर्षं झाली की गावातल्या निम्म्या पोरांना आपल्या बेंजो पार्टीत पुढे उभा राहून वाजवणारा माणूस कोण होता हेही ठाऊक नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगू? डॉक्टरांना सांगून झालं. ते म्हणाले, सोमवारपर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. आणि अशी माणसं नळी ओढून काढतात, म्हणून हात खाटेला बांधावे लागतील. अगदी सहज म्हणाले. मी "बरं" म्हणून बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. आईचे हात बांधायचे, बाबा. जन्मभर भात लावलेले, मासळी साफ केलेले, तुझ्या पार्टीच्या पोरांना ताटं वाढलेले हात.

तू पाहिलेली आई आता राहिली नाही. आधी चाव्या विसरायची, मग गॅस, मग माझं नाव. गेल्या पावसाळ्यापासून तर बोलणंच बंद झालं. मला ती घरात कामाला ठेवलेली कुणी बाई समजते, तीही धड काम न करणारी. घास पुढे नेला की दात घट्ट. पेज केली, मऊ भात केला, खाडीवरून निवट्या आणून कालवण केलं. गोंजारलं, ओरडले, एकदा तर ताट आपटलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. मग रडत रडत सगळा भात फरशीवरून पुसून काढला. ती खिडकीबाहेर बघत बसली होती.

तेव्हा ती परत जेवायला लागली ती तुझ्या बेंजोमुळे. म्हणजे बेंजो कुठला, तो तू गेल्यावर पार्टीवाल्यांनी नेला, पुढे पार्टीही मोडली, आणि आता हळदीला डीजे असतो. जेवायला लागली ती तू आणलेल्या गेममुळे. आठवतंय? तू कामणच्या गोडाऊनमधून येतोस, अंगाला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास, आणि खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढतोस. भंगारात काढलेला हातातला व्हिडिओ गेम. राखाडी रंगाचा, कोपरा फुटलेला. "घे, धाव्वी पास झालीस ना," म्हणतोस. मी सेल घालते, गेमचं टिणटिण संगीत सुरू होतं, आणि तू हातातला चहाचा कप खाली ठेवतोस. "च्यायला, यो त माजाच बेंजो वाजवतंय!" खरंच तोच आवाज होता, चिरका, नाकातून गाणारा. तू बेंजो मांडीवर घेऊन त्याच्याबरोबर वाजवायला बसलास, आणि पुढच्याच हळदीला ती गेमची चाल वाजवून अख्खा मांडव नाचवलास. म्हातारे-कोतारे नाचले! ही चाल कुठली म्हणून कुणी विचारलं तर तू म्हणायचास, "जुनी हाय."

खूप पुढे मला कळलं की असल्या जुन्या गेमवर लोक खरोखरची गाणी बसवतात. आपल्या पार्टीचा जुना कीबोर्ड घरात पडलेला होताच. आता हे कसं चालतं ते तुला सांगते, तुला असल्या गोष्टी आवडायच्या. कीबोर्ड नुसता सांगतो की कुठलं बटण दाबलं. तो निरोप मिडी म्हणतात त्या जाड वायरीने एका डबीत जातो, डबी तो गेमला कळेल असा करते आणि दुसऱ्या बारीक वायरीने गेममध्ये सोडते. गेममध्ये त्यासाठी वेगळी कॅसेट घालावी लागते. मग बोटं माझी कीबोर्डवर आणि आवाज गेमचा. डबी मला चंदनसारच्या एका मोबाईल रिपेअरवाल्याने बनवून दिली. एका संध्याकाळी मी सहज तुझी हळदीची चाल वाजवत बसले होते. आईपुढे ताट तसंच पडलेलं. मागे वळून बघते तर आई भात कालवतेय. आपल्या हाताने, बाबा! कालवून शांतपणे जेवायला लागली.

मला उमगायला वेळ लागला. आई आपल्याबरोबर कधी जेवलीच नाही. तू, मी, आजी, कोण आलं-गेलं, सगळ्यांचं झालं की तू हात धुऊन ओटीवर बेंजो घेऊन बसायचास. पहिली तार छेडली की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "अवो, जेवलाव ना?" तू मान वर न करता नुसतं "हूं" म्हणायचास. दुसरा शब्द तुझ्याकडून कधी यायचा नाही. मग ती आपलं ताट घ्यायची. बेंजो वाजतोय म्हणजे सगळ्यांची पोटं भरली, आता आपण बसायचं. बाकी सगळं विसरली बाई, हे नाही विसरली. तेव्हापासून रोज दोन वेळा मी वाजवते आणि ती जेवते.

आणि परवा सकाळी गेम मुका झाला. डबीवरचा लाल दिवा प्रत्येक बटणाला लुकलुकतोय, म्हणजे निरोप डबीपर्यंत येतोय. गेमच्या पडद्यावर अक्षरं आहेत, म्हणजे कॅसेट चालू आहे. आवाज मात्र नाही. सेल बदलले. कॅसेट काढून फुंकली, परत घातली. कीबोर्ड चॅनेल एकवर बोलतोय की नाही ते बघितलं, कारण गेम दुसऱ्या चॅनेलचं ऐकत नाही. दुसरी वायर लावली. कीबोर्डचा स्वतःचा पियानोचा आवाज लावून वाजवलं, आईने ढुंकून बघितलं नाही. मोबाईलवर माझंच जुनं रेकॉर्डिंग लावलं, तर तिने मान फिरवली. मोबाईलमधला आवाज वेगळा, तो तिला फसवू शकत नाही. इंटरनेटवर अशी गाणी करणाऱ्यांचा ग्रुप आहे, तिथे विचारलं. एक म्हणतो अर्थिंग तपासा, दुसरा म्हणतो नवीन घ्या. माझी आई उपाशी आहे आणि हा मेला म्हणतो नवीन घ्या!

काल भर दुपारी शेजारणीला आईपाशी बसवलं आणि सगळं पिशवीत घालून रिक्षाने चंदनसारला नेलं. रिपेअरवाल्याच्या दुकानावर पत्रा, हिवाळ्यातसुद्धा आत भट्टी पेटल्यासारखी गरमी. त्याने वायरी जोडल्या, एक बटण दाबलं आणि गेम पहिल्या फटक्यात वाजला. "ताई, सब ओके है. तुमच्या घरच्या लाइटचा लोचा असेल." अरे पण गेम सेलवर चालतो, डबी सेलवर चालते! तो म्हणाला, "मग काय माहीत." घरी आले तर आई झोपली होती. आज सकाळी उठल्या उठल्या जोडलं. पुन्हा मुका. त्या गेमपुढे मी हात जोडले, मग शिव्या घातल्या, मग खाली बसून रडले. तुझाही राग आला, बाबा. जिवंत मुलगी समोर बसून आर्जवं करतेय आणि ही तुझ्या जेवणासाठी थांबलीय. मला लाज वाटत नाही हे सांगायला. फार राग आला.

हे वरचं काल लिहिलं. पुढचं आज लिहितेय.

आज पहाटेपासून गारठा होता, खाडीवरून वारा आत येत होता. आई खाटेवर गोधडी घेऊन बसली होती, ओठ सुकलेले. मी खाली फरशीवर गेम घेऊन बसले. दुसरं काही सुचेना म्हणून खोबरेलाची बाटली घेतली, वायरीच्या पिनेला तेल लावायला. ही तुझीच शिकवण. लहानपणी मी तुझ्या बेंजोला नुसताच हात लावला होता तेव्हा मनगटावर चापटी बसली होती. "खारा वारा हाय आपला. तेल लावल्याबिगर हात लावायचा नाय." तेव्हापासून मी घरात सगळ्याला तेल लावते. कडी, कोयता, विळी, शिलाई मशीन. गेमची वायर जिथे आत जाते त्या खाचेतही दर रविवारी एक एक थेंब सोडते. खारट हवेने पितळ हिरवं पडतं, ते पडू नये म्हणून. आज बाटली उलटी केली तर काहीच येईना. आतलं तेल पांढरंफटक होऊन बसलेलं. मी आगपेटीतल्या काडीने ते उकरायला लागले.

"तेल थिजलाय."

मला वाटलं दारात कुणी आलं. वर बघितलं तर आई माझ्या हाताकडे बघत होती. "थिजलाय तेल. आन इकडं." इतक्या महिन्यांनी तिचा आवाज ऐकला, घोगरा झालेला. तिने बाटली घेतली, माझ्या दुसऱ्या हातातला तेलकट गेमही घेतला, आणि दोन्ही गोधडीत पोटाशी धरून बसली. माघातल्या हळदीला तू निघायचास तेव्हा अशीच बसायची ना ती? तुझ्या तारांसाठी बाटली पदराखाली धरून, आणि तू उंबऱ्यात घाई करतोयस, "आटप गो, टेम्पो थांबलाय."

तिच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात शिरलं. मूर्ख, मूर्ख मी! रविवारमागून रविवार तेल सोडून मी ती खाच भरून टाकली होती. थंडी पडली, तेल थिजलं, पिन आणि पत्ती यांच्यामध्ये मेणासारखं बसलं. चंदनसारच्या पत्र्याखाली ते वितळलं म्हणून वाजलं, घरी येऊन परत थिजलं. तुझ्या तारांना जे तारत होतं त्यानेच माझ्या गेमचा गळा धरला होता. थोड्या वेळाने आईने दोन्ही वस्तू परत दिल्या. गेम तिच्या पोटाच्या उबेने कोमट झाला होता. मी फडक्याचं टोक काडीला गुंडाळून खाच पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, फडकं कोरडं येईपर्यंत. वायर लावली. बटण दाबलं.

वाजला, बाबा. आपला तोच चिरका आवाज घरभर झाला.

तिच्यापुढे ताट ठेवलं आणि मी तुझी चाल धरली. तू जिथे नेहमी अडखळायचास तिथे मीही अडखळले, मुद्दाम नाही, चाल तशीच बोटांत बसलीय म्हणून. आईने भात कालवला. घास उचलला आणि तसाच हातात धरून थांबली. ओटीकडे तोंड करून म्हणाली, "अवो, जेवलाव ना?"

इतके महिने मी एकाच गोष्टीची वाट बघत होते की ती कधीतरी बोलेल आणि मला हाक मारेल. माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं, आई, मी आहे गो, इकडे बघ ना, मी आहे. घास तिच्या हातात होता, उत्तराची वाट बघत. मी मान वर केली नाही. "हूं" म्हटलं. तुझ्यासारखं.

मग ती सगळं ताट जेवली. बोटं चाटून पुसली, पाणी प्यायली आणि आडवी झाली. उद्या डॉक्टरांना सांगेन, नळी नको. हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुला कळलेली मला आवडणार नाही. त्या "हूं"मध्ये मी तिच्याशी खोटं बोलले. तिने घास सोडला तेव्हापासून मीही जेवले नव्हते.