एका बरणीतल्या गोळ्या

एडिसन, न्यू जर्सी
मार्च २००६

प्रिय वन्सं,

परवा फोनवर तुम्ही तुमच्या भावावर चिडलात, की एकनाथला गोळ्यांचा पहिल्यापासून कंटाळा, म्हणूनच हा अर्धांगाचा झटका आला. मी गप्प राहिले, कारण ते शेजारीच पडून ऐकत होते. तसं नाहीये हो.

आम्हा दोघांना ब्लडप्रेशर आणि गोळीही एकच. इथे आमच्यासारख्या गरीब म्हाताऱ्यांना ती सरकारी योजनेतून मिळायची. घरी आणली की दोन्ही बाटल्या एकाच बरणीत रिकाम्या करायच्या. नवराबायकोत कसली आलीय वाटणी! सकाळी चहाबरोबर हे माझ्या तळहातावर गोळी ठेवणार आणि ओट्याकडे वळून स्वतःची घेणार.

जानेवारीत नियम बदलले आणि आम्हाला न विचारताच खासगी विमा कंपन्यांच्या प्लॅनमध्ये टाकलं. यांना एकात, मला दुसऱ्यात. एका घरातल्या दोन म्हाताऱ्यांची अशी फाटाफूट कुणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे. हे तासन्‌तास फोन कानाला लावून होल्डवर बसायचे. विचारलं तर म्हणायचे, सरकार फुकट गाणी ऐकवतंय, ऐकू दे. मी हसायचे. बरणीत गोळ्या होत्या, मला रोज मिळत होती.

हे कोसळल्यावर औषधाच्या दुकानातली वीणा म्हणाली, "काकू, तुमचा प्लॅन ही गोळी कव्हरच करत नाही. काकांना अपील करायला सांगितलं होतं मी." म्हणजे बरणीत फक्त त्यांच्याच गोळ्या होत्या, आणि त्या सगळ्या मी खाल्ल्या. पाठमोरा माणूस काय गिळतो ते बघायचं मला एकदाही सुचलं नाही, वन्सं. जीव तुटतो. रागही येतो त्यांचा; इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तरी सांगायचं.

आता माझं अपील मंजूर झालंय, पण यांना ते पटत नाही. वाचा गेली, उजवा हात गेला. नर्सने गोळी आणली की तोंड घट्ट मिटतात आणि डाव्या हाताने गोळीचा कप माझ्याकडे सरकवतात. कधी पुडिंगमधून फसवून जाते, कधी नाही. मी शपथा घातल्या, माझी बाटली दाखवली. त्यांना वाटतं, मी खोटं बोलतेय. लहानपणापासून ते फक्त तुमचंच ऐकत आलेत. म्हणून हे पत्र. मिळालं की फोन करा, मी त्यांच्या कानाला लावीन. रागावू नका. एवढंच सांगा, की सुलेखाला तिची मिळाली, आता तुझी तू घे.

तुमचीच,
सुलेखा