डाव्या हाताचा नैवेद्य

चि. देवव्रत,

काल फोनवर फार गोड बोललास. "ताई, उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं गौरींना नैवेद्य दाखवणार का? यंदा मुखवटे मी पुण्याला नेतो." पणजीच्या काळापासून इथे काशीत, ब्रह्मा घाटावर बसणाऱ्या गौरी माझ्या एका हाडापायी हलवणार?

मी जन्माची डावरी. तू नंतरचा, तुला ठाऊक नाही. आईनं हातावर चापट्या मारून आणि कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी पट्टी मारून मला उजवी केली. आईला देव कोपेल अशी भीती, सिस्टरना सैतान खूश होईल अशी. एवढ्या एका बाबतीत दोन्ही धर्मांचं एकमत!

पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर पडले, त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून हाच डावा हात मला न्हाऊ घालतो, चहा गाळतो, दाराला कुलूप लावतो. ब्लाउजचे हूक तेवढे शेजारची संपदा लावते, तेही "मावशी, हिलिए मत!" असं दटावून. जो हात मला जगवतो, तो देवीला मात्र विटाळ?

हे पत्र मी पाठवणार नाही. तू ते वीणाला वाचून दाखवशील आणि दोघं नवरा-बायको हसाल. फोनवर एवढंच सांगेन, की गौरी इथेच बसतील आणि नैवेद्य मीच दाखवीन. तू मात्र दोन दिवस आधी ये. पुरण एका हातानं वाटता येत नाही, आणि तुझा उजवा धडधाकट आहे.

तुझी थोरली बहीण,
विद्युल्लता