पेंढ्याच्या खोपी

शिगेमित्सुदादा,

देवळाला मी दिलेल्या दगडी दिव्याच्या खांबावर माझं नाव बोटभर खोल कोरलंय. आज दोन म्हाताऱ्या त्याला छत्र्या टेकवून सरळ तू राखतोस त्या देवळाच्या बागेत शिरल्या. बर्फातल्या पिओनीच्या फुलझाडांवर तू बांधलेल्या पेंढ्याच्या खोपी बघून एक म्हणाली, "अगं बाई, लेकरांना टोपरी घातल्यागत! कुणी हो बांधल्या?"

"मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग ही कललेली तेवढी सरळ करा की, मालक!"

करायला गेलो, तर खोप हातात आली आणि आतली कळी मोडली.

संध्याकाळी ती मोडकी कळी बघून तू पुजारीबुवांपुढे वाकून म्हणालास, "माझीच गाठ सैल राहिली." मी शेजारीच होतो. दादा, खरं सांगतो, ऐकून मला बरं वाटलं.

तुझा धाकटा,
हारुयोशी